पुस्तकांवरची पुस्तकं

पुस्तकांवर पुस्तकं लिहिणारे लोक असतात आणि ती हौसेनं वाचणारेही असतात, हे माझ्या आत्याला अजून पटलेलं नाही. घरी आली की ती कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे संशयानं बघते. कथा नाही, कविता नाही, पाककृती तर नाहीच. सगळी जाडजूड, गडद निळी नाहीतर करडी, मुखपृष्ठावर बाण आणि वर्तुळं. छापील किंमत अशी की तेवढ्यात महिन्याचं वाणसामान यावं. (माझी बहुतेक जुन्या बाजारातली आहेत, हे तिला सांगून झालंय.)

"एवढं असतं तरी काय रे यात?"

"माहिती कशी लावून ठेवायची, ते."

"मग आधी लाइटबिलं लाव."

'ज्ञानगंगा घरोघरी' असं ब्रीद असलेल्या आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून मी ग्रंथालयशास्त्र शिकलो. परीक्षा संपली, पण ही पुस्तकं वाचायची खोड काही गेली नाही. त्याला कारण रंगनाथन. हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि त्या शांततेला इतका कंटाळला, की थोड्याच दिवसांत जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊन 'मला परत वर्गावर घ्या' म्हणू लागला. आधी लंडनला जाऊन या, तरी कंटाळा आला तर बघू, असं ठरलं. लंडनमध्ये एका मोठ्या दुकानात त्यानं मेकॅनो पाहिला. पट्ट्या त्याच, नट-बोल्ट तेच, पण जोडाल तसं खेळणं वेगळं. विषयही असेच जोडता येतील की! अमेरिकेच्या मेल्विल ड्यूईनं 1876 साली पुस्तकांसाठी दशांशांचे तयार कप्पे करून ठेवले होते. रंगनाथन म्हणाला, कप्पे नकोत, पट्ट्या द्या. 1933 साली त्याचं द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे कोलन क्लासिफिकेशन, आलं.

त्याच्या पट्ट्या पाच: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. शिकताना हे सगळं वेदान्तासारखं वाटायचं. मग एकदा निफाडच्या बागायतदार मित्राचं बोलणं ऐकताना गंमत कळली. 'आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात द्राक्षावरच्या भुरीला काय मारलं', एवढंच तो सांगत होता. (भुरी म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग.) द्राक्ष हे व्यक्तित्व, मारणं ही ऊर्जा, निफाड हे स्थळ, पावसाळा हा काळ. भुरीला कुठे बसवायचं यावर पंडितांत वाद होऊ शकतो आणि मला तो वाद ऐकायला आवडेल. मित्राला आवडणार नाही.

रंगनाथनची पाच सूत्रं 1931 सालची. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. यातलं चौथं सूत्र मी सर्वात चोख पाळलेलं पाहिलं, ते आमच्या सावानात नव्हे. (सावाना म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय. ते 1840 पासूनचं आहे, एवढ्यानं रागावणार नाही.) ते पाहिलं पंचवटीत, तीर्थोपाध्यायांकडे. आडनाव सांगा, मूळ गाव सांगा. गुरुजी आत जातात, लाल कापडात बांधलेली नामावळी घेऊन येतात, बोटाला थुंकी लावून पानं उलटतात आणि आजोबांची सही पुढ्यात ठेवतात. मागची पानं मोडीत. आडनाव, गाव, काळ या तीन पट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही नोंद. ब्रुसेल्सच्या पॉल ओत्लेनं जगातल्या सगळ्या छापील ज्ञानाची नोंदपत्रं करायला घेतली, ती एक कोटी वीस लाखांच्या वर गेली. लोक पोस्टानं प्रश्न पाठवत आणि पैसे भरून उत्तर मिळवत. गुरुजींकडेही दक्षिणा असतेच.

इथवरची पुस्तकं मला प्रिय. त्यांच्या शेजारची, म्हणजे ज्ञान-व्यवस्थापनाची, मी जरा हात आखडूनच वाचतो. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकाच्या डोळ्यांसमोर दारातून आत येणारा वाचक असतो. या पुस्तकांच्या डोळ्यांसमोर दारातून बाहेर पडणारा कर्मचारी. तीस वर्षांचा अनुभव डोक्यात घेऊन तो निवृत्त होणार, तेव्हा त्याआधी त्याच्याकडून सगळं लिहून घ्या, ही त्यांची मुख्य काळजी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचं सांगणारे फिटर आहेत. त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला तर 'आवाज वेगळा येतो' यापलीकडे ते काय लिहिणार? आणि का म्हणून लिहावं, हा प्रश्न ही पुस्तकं फार कमी विचारतात. विदा (डेटा), माहिती, ज्ञान, शहाणपण असा पिरॅमिड मात्र हटकून काढतात, शहाणपण टोकाला, अगदी चिमूटभर.

पण त्यातही एक गोष्ट अशी आहे, की तिच्यासाठी मी सगळे बाण माफ करतो. नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांच्या 1995 च्या पुस्तकातली. मात्सुशिता कंपनी घरगुती पाव करायचं मशीन बनवत होती आणि पाव काही जमेना. बाहेरून करपायचा, आत कच्चा. यंत्राचं मळणं आणि माणसाचं मळणं यांची तुलना करायला पिठाच्या गोळ्यांचे एक्स-रे काढले, तरी कळेना. शेवटी इकुको तानाका ही सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीला राहिली. तो मळताना पिठाला ताणून एक पीळ देतो, हे तिनं पाहिलं. स्वतः पाववाल्यानं ते कधी सांगितलं नव्हतं. मशीनच्या आत त्या पिळासाठी खास पट्ट्या बसवल्या आणि पाव फुलला.

ही गोष्ट आत्याला सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "कणीक मळताना बघितल्याशिवाय येत नाही, हे कळायला एक्स-रे?"

आता तिला काय सांगू, की मायकेल पोलान्यी नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञानं 1966 साली यावर पुस्तक लिहिलंय. माणसाला सांगता येतं त्याहून जास्त कळत असतं, हा त्याचा सारांश. निफाडचा मित्र गोडी छाटणीआधी, म्हणजे द्राक्षं धरण्यासाठीच्या छाटणीआधी, वेलीच्या काड्या प्रयोगशाळेत पाठवतो, कितव्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, घड आहे त्याचा रिपोर्ट येतो. छाटणीच्या दिवशी रिपोर्ट खिशात असतो आणि तो काडी बोटांत फिरवून भलत्याच डोळ्यावर कात्री लावतो. विचारलं तर म्हणतो, "ही काडी तशी नाही."

ड्यूईच्या हिशोबानं ग्रंथालयशास्त्र 020 मध्ये बसतं आणि ज्ञान-व्यवस्थापन 658 मध्ये, हिशेब-विक्रीच्या शेजारी. सख्खी भावंडं, पण मधे सगळे धर्म, सगळ्या भाषा, सगळं विज्ञान आणि वैद्यक. उलट पाककृती 641 ला, म्हणजे नोनाकांपासून जवळच. माझ्या कपाटात सगळी एकाच कप्प्यात आहेत. पाककृतींचं एक पुस्तक मधे ठेवलं, तर आत्याचा संशय थोडा कमी होईल असं वाटतं.