फिल्टर लावला, चॅटचं काय?

मुलाच्या हातात फोन देताना पालकांना पहिली धास्ती असते ती घाणेरड्या साइट्सची. तिच्यावरचा उपाय त्यातल्या त्यात सोपा आहे, म्हणून तो आधी उरकून टाकू. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरा. क्लाउडफ्लेअर कंपनीचा हा मोफत फिल्टर अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट्सचा पत्ताच लागू देत नाही. घरातली वायफायवरची जवळपास सगळी उपकरणं त्याच्याखाली येतात. पण फोन मोबाइल डेटावर गेला की राउटरचा संबंध संपला. त्यासाठी अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा आणि तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हा पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहा. मुलाने व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा दुसऱ्याच वाटेने नेणारं ॲप) टाकलं तर हे सगळं पाण्यात. म्हणून नवीन ॲप तुमच्या परवानगीशिवाय उतरणार नाही अशी सोय हवी: अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम. स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा आणि मूल शेजारी असताना तो टाकू नका. चार आकडे मुलं नुसत्या बोटांच्या हालचालीवरून ओळखतात.

एवढं झालं की बरेच पालक निर्धास्त होतात, आणि माझ्या मते गाडी नेमकी इथेच चुकते. फिल्टर साइट अडवतो, माणूस नाही. त्रास देणारा माणूस बहुधा तुम्हीच परवानगी दिलेल्या ॲपमधून येतो.

त्याची पद्धत बरीचशी ठरलेली असते. गेममध्ये ओळख, मग फुकटची नाणी किंवा एखादी स्किन (खेळातल्या पात्राचं नवं रूप). मग सहज विचारल्यासारखं “कितवीत आहेस?”, “आत्ता घरी कोण आहे?”, “आईबाबा फोन बघतात का?” आणि शेवटी, “इथे चॅट अडकतं, त्या दुसऱ्या ॲपवर ये ना.” या वाक्याला कान टवकारले पाहिजेत. गेमच्या चॅटमध्ये शब्द गाळले जातात, थोडीफार नजर असते; तिकडे तीही नसते. “अनोळखी माणसाशी बोलू नकोस” हे सांगून फारसं भागत नाही, कारण तीन आठवडे रोज सोबत खेळलेला माणूस मुलाच्या लेखी अनोळखी नसतोच. त्यापेक्षा नेमक्या खुणा द्या: जो ॲप बदलायला सांगतो, गुपित ठेवायला सांगतो किंवा फोटो मागतो, त्याचं नाव घरी सांगायचं. हे दहा वर्षांच्या मुलालाही लक्षात राहतं.

गेममधलं चॅट बंद किंवा ‘फक्त मित्र’ वर ठेवा, आणि ती मित्रयादी मुलासोबत बसून चाळा, नाहीतर ‘मित्र’ या शब्दाला अर्थ नाही. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुप्ससाठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. ‘एव्हरीवन’ असेल तर नंबर हाती लागलेला कोणीही मुलाला ग्रुपमध्ये ओढू शकतो.

शाळेत घोळ होतो तो पासवर्डचा. नाव आणि हजेरी क्रमांक जोडून सगळ्यांचे पासवर्ड बनवले, की अख्ख्या वर्गाला एकमेकांचे पासवर्ड माहीत! मग कोणाच्या तरी खात्यातून शिवीगाळ होते आणि बोलणी भलताच खातो. पहिल्या लॉगिनलाच पासवर्ड बदलायला लावा. लॅबमध्ये क्रोमची गेस्ट विंडो वापरली तर विंडो बंद करताच लॉगिन पुसलं जातं, पुढच्या तासाच्या मुलाला आयतं खातं सापडत नाही.

आता सगळ्यात वाईट प्रसंग: मुलाचा नग्न फोटो पसरवण्याची धमकी. मुलं लपवतात, कारण फोन जाईल ही भीती. “तू स्वतःहून सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही” हे आधीच बोलून ठेवा, आणि पाळा. पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. रागाच्या भरात चॅटही पुसू नका. आधी धमकीचे स्क्रीनशॉट, प्रोफाइलचं पान, युजरनेम (दिसणारं नाव केव्हाही बदलता येतं), पैसे मागितलेलं खातं आणि वेळ, मग रिपोर्ट, सर्वात शेवटी ब्लॉक, कारण काही ॲपमध्ये ब्लॉक करताच चॅट दिसेनासं होतं. मुलाच्या त्या फोटोचा मात्र स्क्रीनशॉट घेऊ नका आणि पुरावा म्हणून तो शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. असा फोटो पुढे पाठवणं अनेक देशांत गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

वयाच्या १८ वर्षांआधी काढलेल्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, अमेरिकेतली एनसीएमईसी ही हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते. फोटोचा डिजिटल ठसा (त्याची ओळख पटवणारा कोड) तुमच्याच फोनवर तयार होतो आणि फक्त तो ठसा पुढे जातो, फोटो नाही. सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारे फोटो शोधून काढून टाकू शकतात. फोटो कापला किंवा त्यावर काही लिहिलं तर ठसा बदलतो, त्यामुळे हाताशी असलेल्या प्रत्येक प्रतीचा वेगळा ठसा द्यावा लागतो. आणि व्हॉट्सॲपसारख्या एन्क्रिप्टेड (बोलणाऱ्यांशिवाय कोणाला वाचता न येणाऱ्या) चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोपर्यंत ही सेवा पोचत नाही.