कदाचितचं कार्ड

आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं, कधी पाच. आलं की गल्लीच्या तोंडापासून ओरड सुरू होते, "नीळ्ळोच्चिनय्! नीळ्ळोच्चिनय्!" म्हणजे पाणी आलं. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, तेव्हा पाण्याची हाकही तेलुगूतच. माझ्या मुलाचं पहिलं वाक्य हेच. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. त्याआधी 'अम्मा' नाही, काही नाही, आणि एकदम अख्खं वाक्य, तेही शेजारणीच्या सुरात. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मग हळूहळू लक्षात आलं की तहान लागली तरी तो हेच म्हणतो, आंघोळ हवी असली तरी हेच, आणि खूश झाला तर सलग दहा वेळा.

त्याला आम्ही घरी चिन्ना म्हणतो. इथेही तेच म्हणते. त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढलं ते सांगायचंय, पण आधी थोडं मागचं.

हाक मारली तर बघत नाही म्हणून आधी कानाची तपासणी झाली. त्या 'बेरा' चाचणीसाठी मूल झोपलेलं लागतं, औषध देऊन झोपवलं. कान उत्तम. मग बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, आणि शेवटी एका कागदावर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर'. मराठीत स्वमग्नता. मला तो शब्द अजून पटत नाही. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. आमचं पोर तर बाहेरच्या प्रत्येक गोष्टीने हैराण होतं: ट्यूबलाइटची फडफड, कॉलरचं लेबल, कुकरची शिट्टी. स्वतःत बुडायला मिळालं असतं तर बिचारा सुखी झाला असता.

त्या शिट्टीवरून घरात मोठा वाद. माझे मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात. कारखाना घराला लागून. चोवीस तास खटाक-खटाक चालू, आणि चिन्ना त्या आवाजात गाढ झोपतो. अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "मागाच्या आवाजात झोपतो आणि शिट्टीला कान धरून ओरडतो? नाटकं आहेत. लाडावून ठेवलंयस." मलाही उत्तर सापडत नव्हतं. उत्तर थेरपीच्या मॅडमनी दिलं. माग कसा वाजणार हे त्याला माहीत असतं, शिट्टी कधी वाजणार हे माहीत नसतं. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो न सांगता येतो, याचा त्रास जास्त. त्या दिवसापासून मी शिट्टी व्हायच्या आधी "आता शिट्टी" असं सांगायला लागले. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही. मग एकदा तो स्वतः येऊन कुकरसमोर कानांवर हात ठेवून उभा राहिला आणि शिट्टी झाल्यावर हात काढून निघून गेला. रडला नाही. मीच रडले.

हट्ट आणि हे कोसळणं, म्हणजे सहन न होऊन पोराचा ताबा सुटणं, यातला फरकही मला तेव्हाच कळला. हट्ट करणारं पोर मधूनच आपल्याकडे बघतं, काय मिळतंय का ते. कोसळलेलं पोर कुणाकडे बघत नाही. त्याला चॉकलेट दाखवून उपयोग नाही, धपाटा घालून तर नाहीच. गर्दीतून बाजूला घ्यायचं, आवाज कमी करायचा, आपण गप्प बसायचं, बस. नातेवाइकांना हे गप्प बसणंच जमत नाही.

आणि एक. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की घरात तेलुगू बंद करा, तीन-तीन भाषांमुळे पोराचा गोंधळ झालाय. सहा महिने आम्ही घरात मराठीच बोललो. अत्तम्मा नातवाशी बोलायच्याच बंद झाल्या, कारण त्यांना लाड करायला मराठी येत नाही. मॅडमना कळलं तेव्हा त्या चांगल्याच चिडल्या. दोन-तीन भाषा ऐकल्याने ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. ज्या भाषेत तुम्ही मोकळं बोलता त्याच भाषेत त्याच्याशी बोला. ते सहा महिने आठवले की अजून राग येतो. स्वतःचाच.

मॅडमनी भिंतीवर चित्रांची पट्टी लावायला सांगितली. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय होणार त्याची चित्रं ओळीने: दात, आंघोळ, भाकरी, थेरपी, झोप. झालेलं चित्र काढून डब्यात टाकायचं. आम्ही कॅलेंडरवर नळाचं चित्रही लावलं, पाणी यायच्या दिवशी. इथे आमची फजिती झाली. चित्र गुरुवारी, आणि पाणी आलं शुक्रवारी पहाटे. त्या गुरुवारी चिन्नाने नळावर डोकं आपटून घेतलं. कपाळावर खूण आहे अजून.

मॅडम म्हणाल्या, "जे नक्की माहीत नाही ते नक्की म्हणून सांगू नका. त्यासाठी वेगळं कार्ड करा." प्रश्नचिन्ह त्याला कळत नव्हतं. मालकांनी कारखान्यातून सूत गुंडाळायची एक रिकामी कांडी आणली, ती फिरवत बसणं हा चिन्नाचा आवडता उद्योग. पिवळ्या पुठ्ठ्यावर कांडीचं चित्र काढलं. हे कार्ड लागलं की अर्थ असा: कधी होईल ठाऊक नाही, तोपर्यंत कांडी फिरवायची. आम्ही त्याला कदाचितचं कार्ड म्हणतो. आधी ज्या गोष्टीत काही बिघडणार नाही अशाच गोष्टींना ते लावून बघितलं. नळाला लावायला दोन महिने लागले.

आता मूळ गोष्ट, दिव्यांग प्रमाणपत्राची.

मला ते काढायचं नव्हतं. अत्तम्मा म्हणत होत्या, "कागदावर लिहून घेतलंस की पुसता येत नाही बिड्डा," आणि मनातून मी त्यांच्याच बाजूची होते. मॅडमनी समजावलं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले आणि ऑटिझम आत आला. म्हणजे आधीच्या आयांनी मागितलं असतं तरी त्या जुन्या कायद्याखाली या नावाने प्रमाणपत्र मिळालं नसतं. त्यानंतर मी फार ताणलं नाही. सेवा केंद्रातल्या पोराने स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आधीच्या तपासण्यांचे कागद. अर्ज सोपा आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दवाखान्यातल्या तपासणीची तारीख आली एप्रिलमधली.

एप्रिल म्हणजे आमच्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. त्यात दवाखान्याची गर्दी. कुकरच्या शिट्टीला घाबरणारा मुलगा तिथे कसा बसणार? म्हणून आम्ही तालीम केली. पहिल्या रविवारी नुसतं फाटकापर्यंत जाऊन परत. दुसऱ्या रविवारी व्हरांड्यापर्यंत. तिसऱ्यांदा बाकावर दोन मिनिटं बसलो. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढून पट्टी केली: रिक्षा, फाटक, बाक, डॉक्टर, घर. डॉक्टरांचा फोटो कुठून आणायचा, तर मालक पांढरा शर्ट घालून उभे राहिले. शेवटचं चित्र कायम घराचं. ते नसेल तर तो पहिल्या चित्राशीच अडतो.

त्या दिवशी बाकाच्या आणि डॉक्टरांच्या चित्रामध्ये मी पिवळं कार्ड लावलं. नंबर कधी येणार हे आम्हालाही माहीत नव्हतं. पिशवीत कांडी, पाण्याची बाटली, त्याची मऊ झालेली जुनी सोलापुरी चादर आणि शेंगाचटणी लावलेली भाकरी. तासभर कांडी फिरली. दुसऱ्या तासाला तो गुणगुणायला लागला, म्हणजे आता भरत आलं. मी मालकांना नंबराशी बसवलं आणि चिन्नाला बाहेर झाडाखाली नेलं, चादर डोक्यावरून घेऊन दोघं बसलो. एक बाई विचारून गेल्या, "ऊन लागलं का ओ?" मी हो म्हटलं. कुठे सगळं सांगत बसू.

आत गेल्यावर मात्र गडबड माझीच झाली. ऑटिझम मोजण्यासाठी आपल्याकडे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी आहे. त्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत. नजरेला नजर देतो का, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो का, ऐकलेलं तसंच्या तसं बोलतो का, दुखलं तर कळतं का. मानसतज्ज्ञ ताई मुलाकडे बघत होत्या आणि मला विचारत होत्या. "इतर मुलांत मिसळतो का?" मी म्हणाले, "हो, तसा मिसळतो." "बदल झाला तर?" "आता समजून घेतो." तीन वर्षं लोकांसमोर हेच बोलत आले होते. लग्नात, शाळेच्या दारात, भावकीत, पोराची बाजू सांभाळून. तोंडाला सवय झाली होती.

मालक एरवी दवाखान्यात तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "नाही मॅडम. मिसळत नाही." मग माझ्याकडे न बघता, "माग बिघडला की कामगार जॉबरला सांगतो, चालतो तसा बरा. मग जॉबर काय दुरुस्त करणार?"

माझे कान गरम झाले. पण मग मी पिशवीतली वही काढली. थेरपीच्या मॅडमच्या सांगण्यावरून वर्षभर लिहिली होती आणि लाजेने पिशवीतच ठेवली होती. कुठल्या दिवशी काय झालं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओही होते, कोसळण्याचे. ते कुणालाही दाखवले नव्हते. तिथे दाखवले. ज्यांना जायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, वही आधी काढा, माझ्यासारखी शेवटी नको. पोराचा चांगला दिवस सांगायला आयुष्य पडलंय, तिथे वाईट दिवस सांगायचा असतो.

नंतर सामाजिक वाढीच्या चाचणीचे प्रश्न झाले, बटणं लावतो का, स्वतःच्या हाताने जेवतो का. त्यात बऱ्याच ठिकाणी मला खरंच हो म्हणता आलं.

प्रमाणपत्रावर ६० टक्के आले. वय लहान म्हणून तात्पुरतं आहे, काही वर्षांनी पुन्हा तपासणी. मी तो आकडा रिक्षात बघत बसले. साठ टक्के काय? कुठली साठ? घरी अत्तम्मांनी विचारलं, "म्हणजे पास की नापास?" सगळे इतके हसलो की चिन्ना कानांवर हात ठेवून बाहेर गेला.

कागदाचा उपयोग काय झाला तर, निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करता आला. ती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. शाळेचं मात्र नुसत्या कागदाने झालं नाही. एका शाळेने प्रमाणपत्र बघूनच "इतर पालक तक्रार करतील" म्हणून सांगितलं. मान्यताप्राप्त शाळेला अपंगत्वावरून मुलाला नाकारता येत नाही, हे कायद्यात आहे. मी ते बोलले. भांडले असते तर प्रवेश मिळालाही असता, पण ज्या बाईंना तो नको होता त्यांच्याच वर्गात त्याला रोज सहा तास बसवायचं माझं धाडस झालं नाही. हे बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी कागद नीट वाचलाही नाही. त्यांनी विचारलं, "याला काय नको असतं?" मी म्हटलं, घंटा. आठवड्याभराने बाईंनी घंटा वाजवायचं काम चिन्नालाच दिलं. शिपाईमामा वेळ झाली की त्याला हाताने खूण करतात, तो जातो, वाजवतो, येतो. घंटेला कान धरत नाही आता. स्वतः वाजवलेला आवाज न सांगता येत नाही ना.

पाहुण्यांसाठी मी दाराच्या आत एक कागद चिकटवलाय. गाल ओढू नका. "ओळख पाहू मी कोण" विचारू नका. बोलण्याआधी दहा मोजा, तो उत्तर देतो, उशिरा देतो. भावकीतल्या दोघांना राग आला. येऊ दे. गड्ड्याच्या यात्रेला आम्ही सकाळी अकराला जातो, पाळणे नुसते उभे असतात तेव्हा. अर्धा तास बघतो आणि परत. शोभेचं दारूकाम खिडकीच्या काचेआडून, कानावर हेडफोन लावून.

अत्तम्मा अजून विड्या वळतात. त्यांची पेन्शन अडकलीय, गेलं की सांगतात पुढच्या आठवड्यात या. मागच्या महिन्यात तिकडून आल्या, सूप मांडीवर घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "मला पण ते पिवळं कार्ड करून दे एक." मी पुठ्ठा कापून दिला. त्यावर कांडी काढायची राहिली होती, म्हणून चिन्नाने ते भिंतीला लावू दिलं नाही.