चप्पग चसब

डॅना बॉइड या अमेरिकन संशोधक बाई पोरं इंटरनेटवर काय करतात यावर लिहितात. स्वतःचं नाव त्या इंग्रजीत आडनावासकट लहान अक्षरांत लिहितात. देवनागरीत हा हट्ट पुरवायची सोयच नाही.

2014 साली आलेल्या 'इट्स कॉम्प्लिकेटेड' या पुस्तकात त्यांनी एका 17 वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली आहे. मित्राशी तिचं फाटलेलं. फेसबुकवर आई बसलेली, म्हणून तिथं रडायची चोरी. मग तिनं एका हसऱ्या गाण्याची ओळ टाकली. आईला वाटलं, लेक मजेत आहे. मैत्रिणींना मात्र ठाऊक होतं, की सिनेमात ते गाणं वधस्तंभावर टांगलेली माणसं म्हणतात. त्यांनी लगेच चौकशी केली. बॉइडबाई याला 'सोशल स्टेगॅनोग्राफी' म्हणतात. चिठ्ठी चारचौघांत, अर्थ मोजक्यांना.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी याला च-ची भाषा म्हणत. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा. बडोद्यात नुसत्या मराठीनं भागत नसे. खंडेराव मार्केटातली आमची भाजीवाली गुजराती, पण घासाघीस अस्सल मराठीत करायची. तिच्या तोंडावर महाग कसं म्हणणार? आई आत्याला हळूच म्हणे, "चहागम!" की दोघी पुढच्या ढिगाकडे. आम्हा पोरांना ही भाषा कळते, हे त्यांना फार उशिरा कळलं.

बॉइडबाईंचं आणखी एक म्हणणं आहे: वेगवेगळ्या माणसांशी बोलायच्या वेगवेगळ्या जागा नेटवर एकमेकींत कोसळतात. ओटीवरचं बोलणं, माजघरातलं, चुलीपाशी कुजबुजलेलं, सगळं एकाच खोलीत. हे वाचून मी मान डोलावली होती. तरी परवा माती खाल्लीच.

भाचीनं स्टेटस ठेवलं, 'फाफडा गार झाला.' मी भाबडेपणानं 43 माणसांच्या फॅमिली ग्रुपवर विचारलं, "अगं, काय झालं? त्या मुलाशी काही बिनसलं का?"

कोण मुलगा, हे तोवर तिच्या बापालाही माहीत नव्हतं.

मेसेजच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे झाडून सगळ्यांनी वाचलं. कोणी काही बोलेना. मग 79 वर्षांच्या आईचं 'टायपिंग' दिसू लागलं, थांबलं, पुन्हा दिसू लागलं. एकेक अक्षर शोधून तिनं मला लिहिलं, "चप्पग चसब."

खाली लगेच भाचीचा मेसेज: "आजी, हे काय टाइप झालं?"