इसुरावाचा खडक

पापुआ न्यू गिनीतल्या इसुरावाला जायचं तर डोंगरवाटेच्या कोकोडा गावाच्या बाजूने चढणं सोयीचं. पोर्ट मोर्स्बीहून कोकोडाला छोटं विमान सकाळीच गाठायचं. दुपारकडे ओवेन स्टॅन्ली डोंगररांगेवर ढग दाटले की उड्डाण राहतं. परवाना आधी काढलेला हवा, मलेरियाच्या गोळ्याही. होई गाव मागे टाकलं की डेनिकीचा उभा चढ सुरू होतो. मुळांवर पाय देऊ नका, ओली मुळं साबणासारखी निसटतात. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून उजाडताच निघावं. दुसऱ्या दिवशी आम्ही इसुरावाच्या युद्धस्मारकापाशी पोचलो.

काळ्या ग्रॅनाइटचे चार स्तंभ आहेत, पण थांबावं ते जवळच्या खडकापाशी. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढताना ऑस्ट्रेलियन शिपाई ब्रूस किंग्सबरी २९ ऑगस्ट १९४२ रोजी इथे मारला गेला. वय २४.

हा मेलबर्नचा मुलगा. लहानपणापासूनचा मित्र अ‍ॅलन एव्हरी याच्यासोबत त्याने शेतांवर मजुरी केली, पुढे घरं-जमिनींच्या व्यवहारात काम केलं. १९४० मध्ये सैन्यात गेल्यावर त्याला वेगळीच पलटण मिळाली होती. एव्हरीसोबत राहता यावं म्हणून त्याने २/१४ व्या पलटणीत बदली मागून घेतली. दोघं सीरिया-लेबनॉनच्या मोहिमेतही बरोबर लढले.

इसुरावाला ही पलटण मोर्स्बीकडून अख्खी डोंगररांग पायी ओलांडून आली होती. जपान्यांनी उजवी बगल फोडली आणि पलटणीचं मुख्यालयच धोक्यात आलं. किंग्सबरीच्या प्लॅटूनमधले, म्हणजे पलटणीतल्या त्याच्या छोट्या तुकडीतले, मोजकेच उरले होते. प्रतिहल्ल्याला निघालेल्या दुसऱ्या प्लॅटूनमध्ये तो आपणहून सामील झाला आणि ब्रेनगन ही हलकी मशीनगन कमरेशी धरून उतारावरून पुढे धावला.

ब्रेनगन दहा किलोंच्या आसपास, मुळात दुपायीवर टेकवून, पालथं पडून चालवायची. इथल्या झाडोऱ्यात पालथं पडलं की समोर पानांशिवाय काही दिसत नाही. मॅगझिन ३० गोळ्यांचं. स्प्रिंगवर ताण येऊन गोळी अडकू नये म्हणून २८ च भरत. बोट दाबून ठेवलं तर तीन-चार सेकंदांत रिकामं. म्हणजे धावत, तोल सांभाळत, थोड्या थोड्या गोळ्या झाडायच्या, आणि मॅगझिन बदलताना समोरच्या मशीनगनपुढे उघडं राहायचं. तो उतार पायांखाली घेतल्यावरच हे नीट कळतं.

त्याने वाट मोकळी केली. मग झाडीत लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. एव्हरीने त्याला उचलून मलमपट्टीच्या ठाण्यापर्यंत नेलं, पण जीव गेला होता. मुख्यालय वाचलं; लवकरच मात्र ऑस्ट्रेलियन सैन्याला इसुरावा सोडावंच लागलं.

पापुआ तेव्हा ऑस्ट्रेलियाचा प्रदेश होता, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर मिळवलेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च सन्मान, किंग्सबरीचा.

मोर्स्बीला परतल्यावर बोमाना दफनभूमीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. शहरापासून साधारण १९ किलोमीटर, डोंगरवाटेच्या मोर्स्बीकडच्या टोकाला, ओवर्स कॉर्नरला, जाणाऱ्या वाटेवरच आहे. त्याची कबर तिथे, बाकीच्यांच्याच रांगेत.