मुलकीत अकरा वेळा आपटलो
सर्फिंग शिकायला मत्स्यगंधा एक्स्प्रेसनं पहाटे कर्नाटकातल्या मुलकीला उतरलो. ससिहित्लूची वाळूची पट्टी जवळच. एका हाताला शांभवी-नंदिनी नद्यांचं संथ पाणी, दुसऱ्या हाताला समुद्र. २०१६ साली इथंच इंडियन ओपन सर्फिंग स्पर्धा झालेली, त्यामुळे माझाही रुबाब भलताच! पहिल्या तासात अकरा वेळा तोंडावर आपटलो. बाराव्यांदा गुडघ्यांवर आलो, तर फळीनंच हनुवटीवर टोला दिला. शिकवणारा पोरगा हिंदीत म्हणाला, ‘पायाकडे नको, किनाऱ्याकडे बघा.’ मग उभा राहिलो. जेमतेम तीन सेकंद.

नंतर वाळूतून तासभर चाललो, तरी मान खाली घातली की नाकातून खारं पाणी ठिबकायचंच.

दुपारी बांगड्याची पुळी मुंची, चिंच-मिरचीची, लालभडक. सोबत नीर डोसा. डोसा कसला, आजीचं घावनच ते, जरा पातळ. सात खाल्ले.