गाठीचा ताप, पंपाचा ताप

बाईंना पाच महिने ताप. वजन उतरलेलं, ईएसआर (दाह दाखवणारी रक्तचाचणी) ९६, हिमोग्लोबिन ८.९. ब्लड कल्चरमध्ये काही उगवलं नव्हतं, तरी टीबीची औषधं सुरू. धाप लागू लागल्यावर कुणीतरी इको करायला पाठवलं, तेव्हा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात पाच सेंटिमीटरचा मिक्सोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ, दिसला. दर ठोक्याला तो मायट्रल झडपेतून खाली डोकवायचा. टीबीचा शिक्का एकदा बसला की छातीला स्टेथोस्कोप लावायचा कंटाळा येतो, हे आपल्याकडचं जुनंच दुखणं.

ही गाठ स्वतःच इंटरल्यूकिन-६ हे दाह पेटवणारं प्रथिन सोडते. ताप, वाढलेला सीआरपी (रक्तातलं दाहाचं आणखी एक मोजमाप), अशक्तपणा हे सगळं त्यातूनच येतं. आम्हाला ते मोजायचं होतं. अडचण अशी की हार्ट-लंग मशीन, म्हणजे गाठ काढताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप, तोही तेच करतो: रक्त प्लास्टिकला लागलं की इंटरल्यूकिन-६ काही तासांत चढतं, सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो. म्हणून पहिला नमुना भूल देण्याआधी, पुढचे गाठ काढल्यावर, २४ तासांनी आणि सहा आठवड्यांनी. ईडीटीए ट्यूब बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा उणे ८० अंशांवर.

मिक्सोमा जेलीसारखा ठिसूळ असतो. महाधमनीला क्लॅम्प (चिमटा) लागेपर्यंत हृदय उचलायचं नाही, दाबायचं नाही, डाव्या कप्प्यात व्हेंट (रक्त खेचणारी नळी) घालायचा नाही. एक तुकडा निसटला की मेंदूत. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन किलोमागे ३०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांवर, दोन्ही महाशिरांत वेगळे कॅन्युला (नळ्या). क्लॅम्प, कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारं द्रावण), मग दोन्ही वरचे कप्पे उघडले. देठ नेहमीच्याच जागी, फोसा ओव्हॅलिसला, म्हणजे दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातल्या खोलगट जागी. गाठ ओढायची नसते. देठाभोवतीचा पडदा पाच मिलिमीटरच्या कडेसह कापून सगळं एकत्र चमच्यात घ्यायचं. मग कप्पे सलाइननं धुवायचे. ते पाणी पंपाच्या सकरनं ओढलं तर गाठीचे कण थेट रक्तात परत जातात, म्हणून भिंतीवरचा सकर वापरायचा. हे आमच्या रेसिडेंटला दर वेळी ओरडून सांगावं लागतं. भोकाला पेरिकार्डियमचा पॅच, ४-० प्रोलीनचा टाका.

अर्धा तुकडा फॉर्मालिनमध्ये, अर्धा थेट द्रव नायट्रोजनमध्ये. नर्सिंग स्टाफला आधी बजावून ठेवलं नाही तर सगळंच फॉर्मालिनच्या डबीत जातं आणि आरएनए (पेशीतला प्रथिन बनवण्याचा निरोप) संपतो.

हे सगळं जमलं. मग भुलीचा चार्ट वाचला: पंप सुरू व्हायच्या आधी मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे दाह दाबणारं स्टेरॉइड. विचारलं तर भूलतज्ज्ञ म्हणाले, "अहो सर, आम्ही पंपच्या केसला नेहमीच देतो." २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पंपावरच्या हृदयशस्त्रक्रियांच्या सर्स (SIRS) चाचणीत ७,५०७ रुग्णांत या औषधानं मृत्यू कमी झाले नाहीत, पण सवय चाचण्या वाचत नाही. स्टेरॉइड द्यायचं नाही हा प्रोटोकॉलचा कागद भुलीच्या ट्रॉलीवर चिकटवलेला होता, तरीही.

२४ तासांनी इंटरल्यूकिन-६ अपेक्षेपेक्षा कमी आलं. गाठ गेली म्हणून, की स्टेरॉइडनं पंपाचा दाह दाबला म्हणून? अशा केस वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे 'पुढच्या वेळी बघू' म्हणणंही सोपं नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण तोही स्टेरॉइडनं उतरतोच. सहा आठवड्यांनी ईएसआर १४ आणि इंटरल्यूकिन-६ नॉर्मल. ते श्रेय गाठ काढण्याला द्यायला हरकत नाही. एका डोसचा असर इतके दिवस टिकत नाही.

उतरणीचा आलेख मात्र गेला. आता भरवसा त्या गोठवलेल्या अर्ध्या तुकड्यावर. औषध दिल्यापासून गाठ बाहेर येईपर्यंतच्या थोड्या वेळात तिच्यातलं प्रथिन फारसं पुसलं गेलं नसावं, असा माझा अंदाज आहे. स्टेनिंग (प्रथिन दिसावं म्हणून तुकड्याला रंग देणं) अजून व्हायचं आहे.