चंद्रावरची तोफ आणि स्टार वॉर्सचा मुलामा : पॅरिसच्या डिस्कव्हरीलँडची फेरी

डिस्नेलँड पॅरिसला गेलेले बहुतेक लोक डिस्कव्हरीलँडमध्ये दोन राइड करतात, एखादा बर्गर खातात आणि किल्ल्याकडे परततात. आम्ही मात्र सकाळपासून दुपार टळेपर्यंत तिथेच ठाण मांडलं. आम्ही म्हणजे नेदरलँड्समध्ये राहणारी माझी धाकटी बहीण, तिचा बारा वर्षांचा मुलगा आणि मी. कारण होतं मामा-भाच्याचं जुनं भांडण. स्पेस माउंटन या घुमटातल्या काळोख्या रोलर कोस्टरवर चढवलेला स्टार वॉर्सचा मुलामा भाच्याला जन्मभर हवा आहे आणि मला तो उतरलेला बघायचा आहे. बहिणीचं मत विचारलं तर ती म्हणते, "तुम्ही दोघं बसा, मी पर्स सांभाळते."

ज्यांना हा वाद नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. हे पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलं. त्यातल्या डिस्कव्हरीलँडसारख्या विभागाला अमेरिकेत टुमॉरोलँड म्हणतात, म्हणजे उद्याचं जग. त्यात एक कायमची डोकेदुखी असते: उद्या बांधून काढला की दहा वर्षांत तो कालचा दिसायला लागतो. पॅरिसवाल्यांनी ही अडचण चतुराईने टाळली. त्यांनी भविष्य रंगवलंच नाही, तर जुन्या लोकांनी कल्पिलेलं भविष्य रंगवलं. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, लिओनार्दो दा विंची. तांबं, पितळ, रिव्हेट, पडदे लावलेल्या पाणबुड्या. हे जुनं व्हायची भीतीच नव्हती, कारण ते मुळातच जुनं होतं.

त्यावर कळस चढला १ जून १९९५ला. व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीचंच नाव घेऊन स्पेस माउंटन सुरू झालं. घुमटाच्या अंगावर कोलंबियाड ही प्रचंड तोफ आडवी टेकवलेली, गाडी तिच्या नळीत शिरणार आणि तिथून वर फेकली जाणार. आत तीन वेळा माणूस उलटा होतो. स्टीव्ह ब्रॅमसनचं संगीत सीटमधल्या स्पीकरमधून, प्रत्येक वळणाशी जुळवून वाजायचं. सुरुवातीपासून तोट्यात रुतलेल्या पार्कच्या कंपनीने त्याच आर्थिक वर्षात पहिला वार्षिक नफा दाखवला. त्यात कर्जाच्या फेररचनेचा वाटा मोठा होता हे खरं, पण इथले जुने चाहते श्रेय तोफेलाच देतात आणि मी त्यांना अडवत नाही. भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून व्हर्न वाचलेल्या मराठी माणसाला ती तोफ प्रत्यक्ष बघताना काय होतं, हे भाच्याला समजावणं कठीण आहे. त्याने भागवत वाचलेले नाहीत. दिवाळीत पुस्तकं पाठवतोय.

मग एकेक वीट निखळत गेली. व्हर्न आणि वेल्स ज्यात पात्रं म्हणून यायचे तो गोल पडद्याचा 'व्हिजनेरियम' २००४मध्ये बंद झाला आणि २००६ला त्या जागी 'टॉय स्टोरी'तल्या बझ लाइटइयरची राइड आली. स्पेस माउंटन २००५मध्ये 'मिशन २' झालं, चंद्र सोडून विश्वाच्या टोकापर्यंत. आणि २०१७च्या मे महिन्यात, पार्कच्या पंचविसाव्या वर्षी, ते 'हायपरस्पेस माउंटन' झालं. रूळ तेच, इमारत तीच, तोफही तीच. आतला प्रकाश, चित्रं आणि संगीत मात्र स्टार वॉर्सचं.

आता रांगेची गोष्ट. पार्क उघडताच आम्ही थेट इथे आलो होतो, त्यामुळे पहिली फेरी फारसं न ताटकळता मिळाली. दुसऱ्या वेळी चांगलीच रांग होती, आणि तिथे आमच्या पुढे वार्षिक पासवालं एक फ्रेंच जोडपं होतं. भाच्याने डच शाळेतल्या इंग्रजीत त्यांना थेट विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूने?" बाई व्हर्नच्या बाजूने, बुवा स्टार वॉर्सच्या. लग्न कसं टिकलं विचारावंसं वाटलं. बाईंचं म्हणणं मला पटलं: कॅलिफोर्नियातही २०१५पासून हाच मुलामा चढतो, पण तिथे तो काही महिन्यांसाठी येतो आणि जातो. इथे पाहुणा आला आणि त्याने सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं. बुवा म्हणाले, नव्या गाड्यांमुळे मान कमी आपटते, एवढं मला पुरे. भाच्याचा मुद्दा वेगळाच होता: "मामा, तुला जे आवडतं ते मी कधी पाहिलेलंच नाही. मग मला त्याची आठवण कशी येणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आत बसल्यावर माझं मत अधिकच पक्कं झालं. राइड म्हणून ती झकास आहे. तोफेतून सुटतानाचा धक्का, मग काळोख, अंगावर येणारी स्टार वॉर्समधली टाय फायटर विमानं, लेझरचे हिरवे-लाल फटकारे, स्टार वॉर्सचे संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या धूनवर घेतलेली गिरकी. ओरडून घसा बसला. बाहेर आल्यावर मात्र प्रश्न पडतोच: स्टार वॉर्सच्या जगात एकोणिसाव्या शतकातली तोफ कशाला? शेजारी स्टार टूर्स ही स्टार वॉर्सचीच राइड आहे, दाराशी एक्स-विंग हे लढाऊ यान उभं आहे, तिथे काही खटकत नाही, कारण ती इमारत पहिल्यापासून त्याच गोष्टीसाठी बांधलेली. इथे इमारत एक गोष्ट सांगते आणि आतली गाडी दुसरीच.

मग हा मुलामा उतरत का नाही? माझ्या मते उत्तर जागेत आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये कंपनीने दोन अब्ज युरोंची वाढ जाहीर केली. मार्व्हल, फ्रोझन आणि स्टार वॉर्स असे तीन नवे विभाग शेजारच्या पार्कात होणार होते. मार्व्हलचा २०२२मध्ये उघडला, फ्रोझनचं काम चालू राहिलं, स्टार वॉर्सचं मात्र बारगळलं आणि २०२४मध्ये लायन किंगच्या विभागाची घोषणा झाली. म्हणजे स्टार वॉर्सला या गावात स्वतःचं घर नाही. डिस्कव्हरीलँडमधला भाडोत्री मुक्काम हलवला तर त्या चाहत्यांसाठी इथे स्टार टूर्सखेरीज फारसं काही उरत नाही. तोफेची सुटका व्हर्नप्रेमींच्या अर्जांवर नाही, या घराच्या प्रश्नावर अडकली आहे.

कोणतीही जुनी राइड सिनेमाशिवाय टिकत नाही, हेही खरं नाही. याच पार्कातला फँटम मॅनर हा भुताचा वाडा दुरुस्तीनंतर २०१९मध्ये उघडला. त्यावर कुठल्या चित्रपटाचं नाव लावलं नाही, उलट भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइस याचा मूळ आवाज परत आणला. त्याची रांग बघा आणि मग मला सांगा. माझा प्रस्ताव साधा आहे: वर्षातले काही महिने व्हर्नलाच तात्पुरता मुलामा म्हणून आणा. जुनं संगीत, मूळ राइडमधला हसऱ्या तोंडाचा चंद्र, बस्स. इथे मूळ गोष्टच पाहुणी म्हणून यावी लागेल, ही गंमत मला मान्य आहे. भाचा म्हणाला, "उन्हाळ्याच्या सुट्टीत नको, बाकी कधीही कर." इतपत तह झाला.

आता जाणाऱ्यांसाठी उपयोगाचं. मध्य पॅरिसमधून आरईआर 'ए' गाडी शातले-ले-आलहून साधारण चाळीस मिनिटांत पोहोचवते. ही लाइन पूर्वेला दोन फाट्यांत विभागते, तेव्हा फलाटावरच्या पाटीवर 'मार्न-ला-व्हाले शेसी' दिसल्याशिवाय चढू नका. बोआसी-सँ-लेजेची गाडी तुम्हाला भलतीकडे नेईल. तुमचं उतरायचं स्थानक शेवटचं, त्यामुळे डुलकी लागली तरी चालेल. परतीचं तिकीट सकाळीच घेऊन ठेवा, रात्रीच्या आतषबाजीनंतर यंत्रांपुढे जत्रा असते.

हायपरस्पेस माउंटनला उंची किमान १.२० मीटर लागते. घरी मोजूनच निघा, दारात रडारड नको. चष्मा खोल खिशात, डोकं मागे टेकवून ताठ बसा. ज्यांना एकट्याने बसायला हरकत नाही त्यांनी 'सिंगल रायडर'ची रांग विचारावी, ती बरीच लवकर सरकते. अॅपवरून पैसे भरून 'प्रीमियर अॅक्सेस', म्हणजे लांब रांग टाळायचा पास, घेता येतो. त्याचा दर दिवसागणिक बदलतो. सकाळी पहिल्या तासात येणार असाल तर ते पैसे वाचवा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कात सर्वांच्या आधी सोडतात, म्हणून आम्ही बाहेर राहूनही दार उघडण्याआधी अर्धा तास उभे होतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या 'नॉटिलस'ला. १९९४पासून चालू असलेली ही व्हर्नच्या कॅप्टन नेमोची पाणबुडी चालत बघायची असते, रांग जवळजवळ नसते आणि लोक तिच्यावरून सरळ पुढे जातात. गोल जिन्याने खाली उतरावं लागतं, म्हणून बाबागाडी वर ठेवा आणि गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून उतरावं. दिवाणखान्यात नेमोचा ऑर्गन आहे. तिथल्या मोठ्या गोल खिडकीपाशी घाई न करता थांबा, थोड्या वेळाने महाकाय स्क्विड काचेवर झेप घेतो. बहीण पर्स टाकून किंचाळली. पाऊस आला तर ही जागा आणि कॅफे हायपेरियनच्या तोंडावर लटकलेलं हवाई जहाज, दोन्ही आसऱ्याला चांगली. जेवायला मात्र शाकाहारी मंडळींनी अॅडव्हेंचरलँडमधलं आग्राबा कॅफे गाठावं. तिथल्या अरबी-भूमध्य बुफेत आपल्या जिभेचं काहीतरी निघतं. पिशवीत थोडा कोरडा खाऊ असू द्या.

व्हर्नचं वेड असेल तर पॅरिसमधूनच आणखी दोन ठिकाणं जोडता येतात. मेट्रोच्या ११ नंबर लाइनवर शातलेपासून तिसरं स्थानक 'आर्ज ए मेतिए'. त्याचा फलाट १९९४मध्ये फ्रान्स्वा श्वितन या चित्रकथाकाराने तांब्याच्या पत्र्याने मढवून आतून पाणबुडी केलाय. तिकिटाचे पैसे वेगळे लागत नाहीत, फक्त एक गाडी सोडून द्या. दुसरं म्हणजे पॅरिसच्या गार दु नॉर स्थानकाहून रेल्वेने सव्वाएक तासाच्या अंतरावरचं आमिअँ शहर. व्हर्न १८८२ ते १९०० राहत होता ते घर तिथे संग्रहालय म्हणून जपलंय. आठवड्याची सुट्टी आणि वेळा निघण्याआधी बघून घ्या, कारण ऋतूनुसार बदलतात. भाच्याला पुढच्या खेपेला तिकडे न्यायचं ठरलंय. त्याने अट घातली आहे की अंगात स्टार वॉर्सचा टी-शर्टच असेल.